चालत्या मशीनचा फिटर

प्रोग्राम बंद करू का, असं विचारलं की फिटरदादांना कुणी शिवी दिल्यासारखं वाटायचं. “बंद मशीनला पार्ट कुणीही बसवतो रे. चालतीला बसव, मग तुला कारागीर म्हणतो.”

ते खरोखरच फिटर होते. मोरिवलीतला त्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा दहावी पास माणसाने चाळिशीत प्रोग्रामिंगची पुस्तकं उघडली. मी बुवापाड्याच्या वस्तीतला, घरातला पहिला ग्रॅज्युएट. उल्हासनगरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात पहिल्या दिवशी मी डिग्रीची झेरॉक्स घेऊन बसलो होतो. दादांनी ती पाहिली आणि मला नाव पडलं, “ए बीएस्सी.”

आमचं सॉफ्टवेअर कारखान्यांच्या भट्ट्यांवर नजर ठेवायचं. भट्टी रात्रंदिवस चालणार, म्हणून प्रोग्रामही बंद करायचा नाही. गिऱ्हाईक मात्र रोज नवीन काहीतरी मागणार. दादांनी प्रत्येक काम सुटं लिहून ठेवलं होतं: तापमान नोंदवणं, भोंगा वाजवणं, मोबाइलवर मेसेज पाठवणं. ज्याला जे हवं ते चालत्या प्रोग्राममध्येच लावून द्यायचे. पुस्तकात त्याला मिक्सिन म्हणतात. दादा म्हणायचे ‘जोड’.

“क्लास म्हणजे साचा,” ते समजवायचे. “साच्याला जोड लावलीस तर त्यातून निघालेल्या सगळ्या भट्ट्यांना लागते, आधी निघालेल्यांनासुद्धा. एकीलाच हवी तर त्या एका ऑब्जेक्टला, म्हणजे त्या एकाच भट्टीला लाव. आणि त्याच नावाचं काम आधीपासून असेल तर नवं जुन्यावर बसतं, जुनं बंद पडतं. गुपचूप. कॉम्प्युटर हूं का चूं करत नाही.”

म्हणून त्यांचं एक रजिस्टर होतं, कारखान्यातल्यासारखं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. जोड कुणाला लावली, त्याच नावाचं आधी काही होतं का, काढायची कशी, लावली कुणी. लिहिल्याशिवाय जोड लावायची नाही. मी हसायचो. कॉम्प्युटर असताना वही कशाला?

एका कारखान्यात पाच भट्ट्या होत्या. पहिलीवर चाचण्या चालायच्या, सारखा भोंगा वाजायचा. “तिचा भोंगा नको, नुसता मेसेज द्या,” असा फोन आला. दादा जेवायला गेले होते. दोन मिनिटांचं काम! मी जोड लावली. साच्याला लावली. भोंग्याच्या कामाचं नाव होतं ‘इशारा’, माझ्या मेसेजचंही तेच. रजिस्टर उघडलंच नाही.

पाचही भट्ट्या मुक्या झाल्या. संध्याकाळी तिसरी प्रमाणाबाहेर तापली; मेसेज मॅनेजरच्या मोबाइलवर गेला, भट्टीपाशी भोंगा वाजला नाही. ऑपरेटरने नेहमीसारखं दार उघडलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत पोळला.

आमच्या ऑफिसच्या मालकांनी मला एकट्याला आत घेतलं. मी म्हटलं, “साहेब, मी केलं. दादा नव्हतेच.”

“धीरे बोल,” मालक म्हणाले. “गिऱ्हाइकाला काय सांगू? माझ्या ग्रॅज्युएटने चूक केली? मग उद्यापासून काम कोण देईल? दहावी पास फिटरने जुगाड केला, त्याला काढला. बात खतम.”

“पण खोटं आहे ते!”

“तुला त्याची खुर्ची देतोय. शिकलेला आहेस ना? समज.”

ज्या कागदासाठी माझ्या बापाने आयुष्यभर गोणी वाहिल्या, त्या कागदाने एका निर्दोष माणसाचा गळा धरला. आणि मी? मी त्या खुर्चीत बसलो. आईने वस्तीत पेढे वाटले.

महिन्याभराने खरवईला दादांकडे गेलो. ते एका सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला ग्रीस लावत होते. सगळं सांगितलं. वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

“ऑपरेटरचा हात कसाय?” त्यांनी विचारलं.

“बरा होतोय. बोटं अजून नीट वळत नाहीत.”

“आणि रजिस्टरात लिहिलंस?”

“नाही.”

“मग इथं कशाला आलास, बीएस्सी? मला सांगून काय उपयोग? उद्या दुसरा कुणी तीच जोड लावेल.” आणि ते पुन्हा पंपाला ग्रीस लावू लागले.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं. भट्टीचा साचा, पाचही भट्ट्या. ‘इशारा’ आधीपासून होता, पाहिला नाही. लावणारा: खाली माझं पूर्ण नाव, पुढे बी.एस्सी. त्या पानाचा फोटो कारखान्याला पाठवला आणि रजिस्टर मालकांपुढे ठेवलं. त्यांनी पान टरकन फाडलं. मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने, पुढच्या पानावर तेच पुन्हा लिहिलं.

“निकल,” मालक म्हणाले.

निघालो. दादांना मात्र कुणी परत बोलावलं नाही. खरं कळूनही त्या कारखान्याने त्यांच्यासाठी शब्द टाकला नाही.

आता मी दुसरीकडे आहे. हाताखाली चार इंजिनिअर आहेत. टेबलावर लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर बघून हसतात. हसू देत. जोड लावायच्या आधी प्रत्येकाला त्याचं पहिलं पान मोठ्याने वाचायला लावतो. त्यावर तीच ‘इशारा’ची नोंद आहे, खाली माझंच नाव.