पाणी घाबरवते

आमगावजवळच्या राइस मिलमध्ये भुशाच्या गॅसवर धान वाळवायचा ड्रायर चालायचा. गॅसच्या पाइपात भोकाची चकती होती; तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक काचनळीतलं पाणी दाखवायचं. एकदा तो शंभर मिलिमीटरवरून पंचवीसवर आला. गॅस चौथाईच उरला असं समजून मी, नवा इंजिनिअर, ड्रायर बंद करायला निघालो.

"काऊन बंद करून राहिले जी?" ऑपरेटर आडवा आला. ड्रायर थांबला तर आतलं उकडलेलं धान आंबलं असतं. त्याने गुडघे टेकून डोळा पाण्याच्या रेषेत आणला, मग भिंतीवर खडूने चौथाईचं वर्गमूळ काढलं.

"गॅस फरकाच्या वर्गमूळानं कमी होते जी. म्हणून गॅस आधा आहे. आध्यात ड्रायर चालते."

"नक्की?"

"पाणी घाबरवते जी. पहले वर्गमूळ काढा, मंग घाबरा."

ड्रायर चालला. ऑपरेटरचं नाव विचारायचं राहिलं. पण आजही घाबरलो की मी आधी खडू शोधतो.