अहमदीच्या दारात घातलेलं गाऱ्हाणं

काय तोंडाने सांगू तुम्हाला! पण मी नाही सांगितलं तर अब्बासभाय सांगेल, आणि तो मीठमसाला दुप्पट घालील. तेव्हा चहा घ्या आणि माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

मी सुतार. गाव देवरुखच्या अलीकडे, आणि राहतो इथे कुवेतमध्ये, सालमियाला. अब्बासभाय आमच्या कंपनीचा मॅनेजर, रत्नागिरीकडचाच. त्याने मान हलवली तर आमचा कफील, म्हणजे इथला अरब मालक, कागदावर सही करतो. नाही हलवली तर कागद पडून राहतो.

आणि मला नेमकी तीच मान हलायला हवी होती! इथल्याच मिरकाब भागातल्या एका फर्निचरवाल्याने मला फोरमन म्हणून बोलावलं होतं. अट एकच, आधीच्या कंपनीतून रिलीज, म्हणजे सोडल्याचा कागद, आण. अब्बासभायला मी याबद्दल चकार शब्द बोललो नव्हतो. हातातलं काम गोड होऊ दे, साहेब खुशीत असला की हळूच विषय काढू, असा माझा बेत.

हातातलं काम म्हणजे इथल्या अहमदी शहरातलं प्रार्थनाघर. केनियाच्या लोकांनी जुना हॉल घेऊन त्याचं चर्च केलं होतं. बाकं, व्यासपीठ, मोठं दार, सगळं माझ्या हातचं. शुक्रवारी समर्पणाचा विधी होता. मी आणि अब्बासभाय पोचलो तर बंद दारासमोर ही गर्दी! घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर, नर्सा. सगळे सुटीच्या दिवशी पांढरेशुभ्र कपडे घालून उन्हात गात उभे.

त्यांचे पास्टर सॅम्युएल हसत पुढे आले. "मिस्त्री, चाबी तुम देगा. पहले प्रार्थना भी तुम बोलेगा."

"मी?" मी अब्बासभायकडे बघितलं.

अब्बासभायने मला बाजूला घेतलं. "त्यांच्या गावात आजोबांच्या वेळी मिशनचं चर्च बांधलं ना, तवा मेस्त्रीने दारात उभं राहून आपल्या भाषेत प्रार्थना केली, मग चावी दिली. तवापासून त्यांची रीत हाय ती."

"अहो अब्बासभाय, मी हिंदू मानूस!"

"आनि मी मुसलमान. मग? पास्टर बोलतो, देवाला सगळ्या भाषा कलतात. गुमान बोल. काम बिघडलं तर बघ हां!"

झालं! साहेब बिघडला तर रिलीज गेलं. गाणं थांबलं. घामाने हातातली चावी निसटायला लागली. मला प्रार्थना कुठली येणार हो? येतं ते एकच, शिमग्यात पालखीपुढे घालतात ते गाऱ्हाणं. डोळे मिटून सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचं आणि मनात एक, ओठावर एक असं करायचं नाही. देव कोपतो.

मिटले डोळे.

"बा देवा म्हाराजा! आज तुजी लेकरा ह्या दारात जमली हायत..."

आमच्याकडे यावर अख्खा गाव "व्हय म्हाराजा!" म्हणतो. इथे आवाज आला, "आमेन!"

अहो, अंगावर काटा आला! मला चेव चढला.

"ह्यांच्या पोराबालांना सुखी ठेव म्हाराजा!"

"आमेन!"

"कुनाची इडापिडा आसल ती भायेर काड म्हाराजा!"

"आमेन! आमेन!"

आता गाऱ्हाण्याच्या शेवटी आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालणारा स्वतःसाठी एक मागणं मागतो. सवयीने जीभ पुढे धावली. "आनि ह्या लेकराला अब्बासभायच्या तावडीतना सोडव म्हाराजा! मिरकाबची नोकरी लागू दे! रिलीजला त्याची मान हलू दे!"

"आ-मे-न!" दार हादरलं. बायका हात वर करून नाचायला लागल्या.

मी डोळे उघडले. समोर अब्बासभाय. त्या गर्दीत मराठी समजणारा एकमेव माणूस! आणि पास्टर काय म्हणावेत? "बहुत अच्छा! अब्बास, सबको इंग्लिश में बताओ!"

अब्बासभायने माईक घेतला. माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं! संपलं, म्हटलं, आता हा सगळ्यांसमोर माझी सालं काढणार. मग तो इंग्रजीत काहीतरी बोलला, अगदी सावकाश, छातीवर हात ठेवून. माझं इंग्रजी इंच आणि फुटापुरतं. पण लोकांचे डोळे पाणावले. पास्टरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सगळे ओरडले, "आमेन!"

म्हणजे सांभाळून घेतलं की हो माणसाने! माझा जीव भांड्यात पडला. कृतज्ञतेने मीही दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "आमेन!" मग चावी दिली, दार उघडलं, विधी झाला, जेवणंही झाली.

परतताना गाडीत अब्बासभाय शीळ घालत होता. एवढा खुशीत मी त्याला कधीच बघितला नव्हता. म्हटलं, हीच वेळ.

"अब्बासभाय, तुम्ही ऐकलंतच सगळं. मग रिलीजचं..."

"कसलं रिलीज?"

"अहो, मी मागितलं ते!"

"मी लोकांना काय सांगितलं म्हाईत हाय? हा मेस्त्री देवाकडे मागतो, मला मरेपर्यंत अब्बासभायच्याच कंपनीत ठेव, दुसरीकडे मन वलू देऊ नको." त्याने गिअर बदलला. "देवाच्या दारात एवढ्या लोकांनी आमेन बोललंय. ता मोडनारा मी कोन? आनि सगल्यात मोठ्यानं कोन वरडला रे?"