आईचा आवाज गाळणारे इअरफोन

मी चिक्कू माणूस आहे, यावर घरात दुमत नाही. मुलीनं गाणी ऐकायचा बोटाएवढा प्लेयर दिला, तेव्हा त्याला लावायचे इअरफोन मी लातूरच्या गंजगोलाईत फुटपाथवरून आणले. सगळ्यात स्वस्त. प्लेयरमध्ये मुलीनं एकच गोष्ट भरली होती, माझ्या आईवडिलांच्या गायन पार्टीची जुनी कॅसेट. उमरीला जयंतीच्या मांडवात दोघं गायचे, वडील पेटीवर आणि आई शेजारी उभी. वडील जाऊन फार वर्षं झाली. आई मागच्या उन्हाळ्यात गेली. मोबाईलवर ऐकायला बसलं की मधेच कुणाचा तरी फोन येतो, आणि मला आईचा आवाज निवांत ऐकायचा होता.

रबरी टोप्या कानात घट्ट बसवल्या. पेटी सुरू झाली, वडिलांनी पहिली ओळ घेतली. दुसरी ओळ आईची. पेटी हळू झाली, ढोलकीनं जागा सोडली, आणि त्या जागेत कुणीच आलं नाही.

वडील पुन्हा गाऊ लागले. कडवं संपल्यावर टाळ्या पडल्या, वडील “वा!” म्हणाले. कुणाला म्हणाले? जीव कानात आणून ऐकलं तर अगदी लांबून, मांडवाच्या बाहेर कुणी बाई उभी असावी, तसं काहीतरी यायचं आणि विरून जायचं. भर दुपारी, लातूरच्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

मुलीनं तेच इअरफोन आपल्या कानात घातले. “बाबा, आजी तर मस्त ऐकू येऊन राहिली,” ती म्हणाली आणि तिसऱ्या ओळीला मान डोलावू लागली. मी तिच्या हातातून घेतले, कानात घातले. आई नाही.

दोष अर्थातच मी मालाला दिला. दुसऱ्या दुकानात पोरसवदा दुकानदार म्हणाला, “काका, स्वस्तातले बास लई मारतेत. बाईमाणसाचा आवाज दबून जातो.” मला ते पटलं. जरा बरी जोडी घेतली. तिच्याबरोबर टोप्यांचे तीन आकार मिळाले. लहान टोपी सैल व्हायची. मोठी घातली की बाहेरचं जग बंद, आणि आत आपलाच श्वास नि जबड्याची करकर. त्यातही वडील एकटेच गात होते. आईच्या ओळीला थांबत होते, वाट बघत होते, पुढं जात होते.

तिसरी जोडीही तशीच निघाली, तेव्हा मनात भलतंसलतं यायला लागलं. भुताखेतांची टिंगल करणारी दोन गाणी आमच्या पार्टीची हुकमी गाणी होती, आणि मी त्याच घरातला. तरी वाटायचं, ती नातीला भेटते आणि मलाच का टाळते? माझं काय चुकलं? खरं सांगतो, मला भीती वाटायची आणि रागही यायचा.

पुढं एका लग्नासाठी नांदेडला गेलो, तेव्हा वजिराबादेत एका म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात शिरलो. आई ऐकू आली तरच घेईन, अशी अट घातली. चाचांनी आधी स्वतः ऐकलं, डोळे मिटून.

“वा, काय गळा हाय! तुमच्या अम्मी?”

“हाव.”

“मग तक्रार काय हाय?”

त्यांनी एकामागून एक पाच जोड्या दिल्या. पाचही वेळा मी मान हलवली. मग ते काउंटरच्या बाहेर आले, माझ्या कानातल्या दोन्ही टोप्या काढल्या आणि उजवी डावीकडं, डावी उजवीकडं घातली.

आई आली. अगदी कानाला ओठ लावून गातेय इतकी जवळ. मी दुकानातच रडलो. थोड्या वेळानं लक्षात आलं, आता वडील नव्हते. पेटी मांडवाच्या बाहेर गेली होती.

“दोन माइक होते,” चाचा हळूच म्हणाले. “अम्मी एकावर, अब्बा दुसऱ्यावर. अम्मी डाव्या कानात येते, अब्बा उजव्या. माल चांगला हाय, साहेब. डावा कान कुणाला तरी दाखवा.”

नांदेडलाच कानाच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, काम काय करता? डाळ मिलमध्ये तीस वर्षं मशीन माझ्या डाव्या हाताला होतं. हा कान आजचा गेलेला नाही, ते म्हणाले, बरीच वर्षं झाली असतील, उजवा सांभाळून घेतो म्हणून तुम्हाला कळलं नाही.

परतीच्या एसटीत मी टोप्या उलट्या घालून आईला ऐकत होतो, आणि लोह्याच्या आसपास कधीतरी मला तिची शेवटची दुपार आठवली. घरात आम्ही दोघंच होतो. तिच्या खाटेला लागून मी सतरंजी टाकली होती. खिडकीचा उजेड डोळ्यांवर येत होता, म्हणून तिच्याकडं पाठ करून उजव्या कुशीवर पडलो, उजवा कान उशीत. झोपलो नव्हतो. तासाभरानं उठून पाहिलं तर ती गेली होती, तोंड माझ्या बाजूला वळलेलं.

शेवटी काही बोलली का, असं बहिणीनं रडत विचारलं होतं. मी ठामपणे सांगितलं होतं, एक शब्दही नाही, मी जागा होतो. बहीण आजही सगळ्यांना तेच सांगते.