धोंडीराम पेंटरची शंभर अक्षरं

मंगळवार पेठेत अक्षराच्या बाबतीत धोंडीराम पेंटरचा हात धरणारा कुणी नव्हता. नव्वदच्या दशकात निम्म्या पेठेच्या पाट्या त्याच्याच. मग फ्लेक्स आला. तासाभरात तयार, वर फोटोसकट! आमच्या लोकांना तेवढंच पाहिजे होतं. वाढदिवस काय, बारसं काय, चौकाचौकात फ्लेक्स. धोंडीरामाच्या पोटावर पाय आला तो आलाच, पण खरं झोंबलं ते वेगळं. आपल्याला मशीननं हरवलं, हे त्याच्या मनातून जाईना.

त्यात पन्नाशीला हात थरथरायला लागला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, बायकोला, यल्लव्वालासुद्धा नाही. मनगटाखाली काठी धरून तो काम भागवायचा. पेंटर लोक धरतातच काठी, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

त्याची थोरली संघप्रिया इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. २००६ साली एका रविवारी ती म्हणाली, "आप्पा, प्रोजेक्टला अक्षरं पायजेत. वाकडी."

"वाकडी? अगं, जन्म गेला सरळ काढण्यात!"

तिनं समजावून सांगितलं. इंटरनेटवर खातं उघडताना वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र येतं. माणसाला ते वाचता येतं, मशीनला येत नाही, म्हणून खोटी खाती उघडणारी मशीनं दारातच अडकतात. तसं चित्र मराठी अक्षरांचं करायचं, आणि ते वाचायला एक प्रोग्रॅम बसवून किती टिकतं ते बघायचं.

"म्हंजे मशीनला हरवायचं?" धोंडीराम सावरून बसला. "आण कागद!"

वीस अक्षरं, प्रत्येक पाच वेळा. कुणाचा काना वाकवला, कुणाची गाठ सोडवली. दोन दिवसांनी पोर कॉलेजातून आली ती तोंड पाडूनच. शंभरातली एक्याण्णव मशीननं वाचली होती.

"असं कसं?"

"तुमी मोडलेलं अक्षरबी दरवेळी सारखंच मोडताय, आप्पा. मशीन एकदा बघून शिकतंय. आन् सोमवारी सर बघणार हाईत."

धोंडीरामानं ब्रश उचलला, परत खाली ठेवला. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. पण पोरीचं तोंड बघवेना. त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "बस हितं समोर."

ब्रश कागदावर टेकला आणि हात थरथरत सुटला. संघप्रिया बघत राहिली. रेघ कुठं जाईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"कधीपासनं हाय हे?" तिनं विचारलं.

"दोन वर्सं झाली. त्ये ऱ्हाऊ दे. एक तरी अक्षर दुसऱ्यासारखं हाय काय बघ."

सोमवारी ती धावतच आली. "आप्पा, शंभरातली चारच वाचली मशीननं!"

"आन् मानसांनी?"

"गल्लीत सगळ्यांस्नी दावलं. अठ्ठ्याण्णव!" बोलता बोलता तिला रडू कोसळलं.

"मग जितलो की!" धोंडीराम म्हणाला. यल्लव्वा ताटात चहा घेऊन आली होती. दोन वर्षं काही ना काही निमित्त काढून तो घरात सगळ्यांसमोर चहा घ्यायचा टाळत होता. त्या दिवशी त्यानं कपबशी स्वतःच्या हातानं उचलली. कप खडखड वाजला, चहा सदऱ्यावर सांडला. यल्लव्वा हातातलं ताट तसंच धरून त्याच्याकडं बघत राहिली, आणि त्यानं हात लपवला नाही.