दोरावरच्यांसाठी खरबूज

अनाबीबी हजारास्पला सून म्हणून आली तेव्हा गाडीत गाद्या-रजया जेवढ्या होत्या, तेवढीच खरबुजंही होती. तिचे वडील अमू नदीकाठच्या रेताड जमिनीत खरबुजंच पिकवायचे. लेकीला दुसरं काय देणार? सासरे मदरीम बोवा दारात उभे राहून गाडीकडे बघत म्हणाले, "सून आणली की बाजार?"

पदराआडून उत्तर आलं, "दोन्ही आलंय, बोवा. नको असेल ते परत पाठवा."

बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. बोवांनी काही परत पाठवलं नाही. मी तेव्हा त्यांच्या खेळात डफ वाजवायचो, म्हणून हे मी स्वतः ऐकलं.

घर दोरबाजांचं. दोन उंच खांबांवर दोर ताणायचा आणि हातात लांब काठी घेऊन त्यावरून चालायचं, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. काम सगळं उन्हाळ्यात. सुंता, लग्नं, गावोगावचे बाजार. ऐन चिल्ल्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत, वाळूवर उघड्या पायानं उभं राहवत नाही, तेव्हा ही माणसं वर दोरावर असायची.

आणि खायची काय, तर मेंढीच्या शेपटीच्या चरबीत शिजवलेला पुलाव. बोवांचा तसा नियमच होता. अंगात ताकद हवी तर चरबी हवी. वरून उकळता हिरवा चहा. अनाबीबीचा नवरा यूसुप खेळ संपवून खाली उतरला की गाडीमागे जाऊन ओकायचा. लोकांना दिसू नये म्हणून आम्ही डफ जोरात वाजवायचो.

तिनं ते पाहिलं. दुसऱ्या खेळाला तिनं पुलावाची कढई चढवली, पण शेजारी एक मातीचं भांडंही ठेवलं. खरबुजाच्या बारीक फोडी, त्यावर मिठाची चिमूट, हातावर चोळलेला पुदिना, आणि कच्च्या द्राक्षांचा आंबट रस. भांडं रात्रभर विहिरीत सोडलेलं होतं. यूसुपनं पुलाव बाजूला सारला आणि भांडं रिकामं केलं.

बोवा म्हणाले, "दोरावर माणसं चढवतोय मी, सुने. शेळ्या नाही."

"शेळ्यांना साली देते, बोवा. गर माणसांनाच."

"ओल्या पोटानं माणूस जड होतो."

"दोर ताणायला घेतला की खायला देते. वर चढेपर्यंत जिरतं. तुम्हीही चाखून बघा."

बोवांनी चाखलं नाही. पण यूसुप त्या दिवशी ओकला नाही, आणि मग त्याच्या दोघा चुलतभावांनीही भांड्याभोवती बसायला सुरुवात केली. अनाबीबीचे प्रकार वाढत गेले. फार पिकलेलं खरबूज ती कपड्यातून पिळायची आणि त्या रसात आंबट दही घुसळायची. ते प्यायलं की डोळ्यांपुढची अंधारी जायची. खेळ संपल्यावर कलिंगड, खारं चीज आणि शिळी भाकरी. घाम गेलेल्या माणसाला मीठ लागतं आणि चावायला काहीतरी लागतं, म्हणायची. एक मात्र सक्त ताकीद होती. खरबुजावर थंड पाणी प्यायचं नाही. कोणी प्यायलं तर डाव घेऊन मागे लागायची.

असे काही उन्हाळे बरे गेले. अनाबीबी आणि यूसुपला मुलगी झाली, गव्हर.

मग शावातच्या बाजारात यूसुप पडला. दोराच्या मधोमध होता, डोक्यावर चहाची किटली ठेवून. दोर एका बाजूला हलला की तोच हलला, हे आम्हा खाली असलेल्यांना कळलं नाही. मी वाजवायचा थांबलो तेव्हा तो वाळूवर होता आणि मांडीचं हाड मोडलेलं होतं. बोवा त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोटात पाणी हिंदकळत होतं पोराच्या. खरबुजानं घात केला."

हे वाक्य आमच्या आधी हजारास्पला पोचलं. विहिरीवर बायका अनाबीबीला वाट द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. तिनं वाद घातला नाही. शावातला भांड्यात उरलेलं खरबूज तिनं गाढवापुढे ओतलं होतं, आणि त्यानंतर खेळाच्या दिवशी घरात खरबूज कापलं गेलं नाही.

यूसुपचा पाय जुळला, पण आखूड राहिला. वर जाणं संपलं. तो खाली राहून सोंगं करू लागला. दोरावरच्याची नक्कल करत जमिनीवर लंगडत चालायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. घरी तो बायकोला म्हणायचा, "अगं, मलाच आठवत नाही का पडलो ते. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

"तुम्हाला आठवत नाही, तेच तर," ती म्हणायची. "खरबुजानं नाही पडलात, असंही तुम्हाला सांगता येत नाही."

गव्हर मोठी झाली आणि आजोबांच्या मागे लागली. बोवांचे हात थरथरायचे, डोळे अधू झालेले, पण नातीला त्यांनी अंगणातल्या ठेंगण्या दोरावर चढवलं. पोरीचे पाय बापाचे होते. पुलाव मात्र तिला जायचा नाही. भर चिल्ल्यात एका दुपारी ती दोरावरून सरळ खाली बसावं तशी घसरली आणि डोळे पांढरे करून पडली. लागलं नाही. दोर कमरेएवढाच होता. आईनं तिला सावलीत ओढलं, मनगटांवर पाणी मारलं.

संध्याकाळी अनाबीबी कांदा चिरत होती आणि मी चुलीजवळ बसून डफाचं कातडं शेकत होतो. बोवा आत आले आणि उंबऱ्याशीच उभे राहिले.

"सुने, ते तुझं थंड... ते पोरीला कर."

"नाही करणार."

"आता मीच सांगतोय."

"एक पाडलाय मी, बोवा. पोरीला नाही पाडायची."

बोवा भिंतीला धरून खाली बसले. मग म्हणाले, "शावातला मागच्या खांबाचा ताण धरणारी मेख मी ठोकली होती. पोरं म्हणाली, आम्ही ठोकतो. मी ऐकलं नाही. नंतर जाऊन पाहिली तर हलत होती. आधीच हलत होती की तो पडल्यावर हलली, अल्लाला ठाऊक. पण मी पाहिली होती."

अनाबीबीनं हातातली सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही ओरडेल. ती म्हणाली, "हे त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी तिकडे जा."

बोवा उठले. अंगणात यूसुप सोंगाची दाढी शिवत बसला होता. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, बोवांची पाठ तेवढी दिसत होती. यूसुपनं सुई थांबवली, मग पुन्हा शिवायला लागला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "बाबा, पायाचं मी केव्हाच सोडून दिलंय. पण ती एवढी वर्षं विहिरीवर एकटी जाते. तिच्याशी बोला."

बोवा परत आले, पण त्यांना बोलणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत स्वतः विहिरीवर गेले, भर गर्दीच्या वेळी, आणि बायकांसमोर म्हणाले की शावातला चूक त्यांची होती, सुनेची नव्हे. म्हाताऱ्या माणसानं असं बोलल्यावर बायका गोंधळल्या. एकीनं गडबडीत घागर भरून त्यांच्यापुढे धरली, पण बोवांनी घागर आणलीच नव्हती, म्हणून तिची तिलाच परत न्यावी लागली.

अनाबीबीनं गव्हरसाठी खरबूज कापलं. बोवांपुढे त्यातलं काही ठेवलं नाही. तो राग तिनं पुरा हंगामभर जपला. पुलाव वाढायची, चहा द्यायची, विचारपूस करायची, पण खरबूज नाही. गुरलानच्या बाजारात गव्हर पहिल्यांदा उंच दोरावर गेली तेव्हा आई खांबामागे तोंड फिरवून बसली होती. पोर पलीकडे पोचली, लोकांचा गलका झाला, तरी हिनं मान वळवली नाही. त्या संध्याकाळी तिनं एक वाडगा भरून सासऱ्यांपुढे सरकवला. बोवांना दात नव्हते, म्हणून फोडी कुस्करलेल्या होत्या.

"आंबट आहे," बोवा म्हणाले.

"द्राक्षांचा रस आहे. संपवा."

त्यांनी संपवला. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

गव्हर आता तुर्तकुलला असते आणि तिथल्या मंडळींबरोबर दोरावर चालते. अनाबीबी थकली आहे, पण उन्हाळ्यात तिचं अंगण रिकामं नसतं. गावच्या तालमीतले पैलवान येतात, फुटबॉल खेळणारी पोरं येतात. परवा एका पैलवानानं विचारलं, "आपा, यात साखर टाकली तर?"

"टाक की. आणि झोपून राहा. कुस्ती मी खेळते."

हिवाळ्यासाठी ती खरबुजाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून त्यांच्या वेण्या घालते. त्यांतली एक दर वर्षी तुर्तकुलच्या बसवाल्याकडे देते, लेकीला प्रवासात चघळायला. या वर्षी बसवाल्यानं वाटेतच अर्धी खाल्ली. अनाबीबी त्याच्याशी भांडली, आणि मग घरात जाऊन त्याच्यासाठी वेगळी घेऊन आली.