पलंगाखालची बियर

माझ्या आईने गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं आणि मी तिच्याच पलंगाखाली बियर ठेवली.

(वाक्य पुन्हा वाचू नका. बरोबरच वाचलंत!)

आमचं गाव अकोल्याजवळ. काही वर्षांपूर्वी तिथल्या बायकांनी दारूच्या दुकानावर मतदान मागून घेतलं. त्या मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आई घरोघर फिरली, शेतात निंदणाऱ्या बायकांच्या ओळीत जाऊन बसली, आणि तिने बाटली अशी आडवी पाडली की ती पुन्हा उठलीच नाही. तेव्हापासून पंचक्रोशीत ती ‘आडव्या बाटलीवाली बाई’ आणि मी ‘तिचा पोट्टा’. मी अमरावतीच्या ज्युनिअर कॉलेजात वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतो, ही माहिती गावात कोणालाच महत्त्वाची वाटत नाही.

तर, मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या. मी दिवसभर बनियनवर घरात फिरायचो आणि दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडून बघायचो. चौथ्या दिवशी माझी बायको संगीता म्हणाली, “अहो, काहीतरी छंद लावून घ्या. नाहीतर मी माहेरी जाते.”

मी विचार करून सांगितलं, “घरी बियर बनवतो.”

“पण तुम्ही तर पीत नाही!”

“पिणार कोण आहे? मी फक्त बनवणार!”

वीस वर्षं मी फळ्यावर किण्वन शिकवलं होतं. साखर इकडून जाते, वायू तिकडून निघतो, मधे खडूचा बाण. प्रत्यक्षात एक बुडबुडा काढलेला नव्हता. पण बियरला परवाना लागतो, हे संगीताने लगेच मोबाईलवर शोधून काढलं. शिवाय आमच्या भिंतीला भिंत लावून वानखडे राहतात. निवृत्त हवालदार. निवृत्ती फक्त कागदावर! म्हणून मी माझ्या महत्त्वाकांक्षेला जरा आवर घातला आणि आल्याच्या बियरवर आलो. आलं, साखर, लिंबू, पाणी. नावातच काय ती बियर.

आधी बरणीत विरजण लावायचं असतं. किसलेलं आलं आणि साखर, रोज थोडी थोडी भर घालायची. मी सकाळी उठल्याबरोबर बरणीपाशी जायचो, झाकण काढायचो, कान लावायचो.

“बोलतेय का तुमची सवत?” संगीता विचारायची.

“सवत माझी कशी असेल? तुझी!”

“मग माझ्या ओट्यावरून उचला तिला.”

सहाव्या दिवशी बरणी फसफसली. मी आनंदाने असा ओरडलो की वानखडे कंपाउंडवरून डोकावले. “काय झालं सर? साप निघाला का?”

मग बाटल्या. जाड काचेच्या हव्या होत्या, म्हणून मी भंगारवाल्याकडून बियरच्याच रिकाम्या वीस बाटल्या पोत्यात भरून आणल्या. भर दुपारी, स्कूटरवर, पायाशी पोतं ठेवून. प्रत्येक गतिरोधकावर पोतं असं खणखणत होतं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माझे आजी-माजी विद्यार्थी नमस्कार करत होते. बाटल्या भरून ऑनलाइन मागवलेल्या यंत्राने मी बुचं ठोकली. ज्या व्हिडिओवरून मी हे सगळं शिकत होतो, त्यात सांगितलं होतं, ‘बाटल्या आठवडाभर अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवा.’ ते सांगणाऱ्या बाईने लोकरीचा स्वेटर घातला होता. तिची खोली आणि अमरावतीतली मे महिन्यातली माझी खोली यांत काही फरक असू शकतो, हे जीवशास्त्राच्या शिक्षकाच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं!

आतल्या खोलीतल्या पलंगाखाली गोधड्यांची लोखंडी ट्रंक होती. गोधड्या काढल्या, बाटल्या ठेवल्या, कडी लावली.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. “गोपाळ, डॉक्टरनं तारीख देल्ली. मोतीबिंदू काढा लागते. मी येऊन राह्यली.”

ती एसटीतूनच बोलत होती, आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालंसुद्धा. आतली खोली, आतला पलंग, डोळ्यावर काळा चष्मा, आणि डॉक्टरांची ताकीद: “वाकायचं नाही, जोरात खोकायचं नाही, दचकायचं तर मुळीच नाही.” आई पलंगावर. खाली ट्रंक. मधे फक्त गादी आणि माझी अब्रू!

“आजच्या आज काढा त्या बाटल्या,” संगीता स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली.

“काढतो. आईला झोप लागली की काढतो.”

पण आईची झोप कशी, तर मी दारात पाय ठेवला की, “कोन? गोपाळ? काय पायजे?”

“काही नाही, गोधडी बघत होतो.”

“मे महिन्यात?”

असे तीन दिवस गेले. तीन दिवसांत मी सात वेळा गोधडी बघायला गेलो. आईने संगीताला विचारलं, “याले थंडी वाजून येते का वं? रक्त तपासून घ्या याचं.” खरं म्हणजे तेव्हाच सांगून टाकायचं. पण गावभर बाटली आडवी पाडणाऱ्या बाईला ‘तुझ्याखाली वीस उभ्या आहेत’ हे कोणत्या तोंडाने सांगणार?

चौथ्या दिवशी आईला भेटायला गावाहून महिला मंडळ आलं. चार बायका, पुढे गंगाबाई. मतदानाच्या वेळी आईच्या उजव्या हाताला उभ्या राहिलेल्या. घरातला एकुलता एक कूलर आतल्या खोलीत, त्यामुळे सगळ्या तिथेच, पलंगावर आईच्या भोवती गोल करून बसल्या. पलंगाने करकरून तक्रार केली. मी दारात उभा. हसतोय. घाम पुसतोय.

“पोट्टा चांगला सांभाळते हो तुमाले,” गंगाबाई म्हणाल्या.

“माह्या पोट्ट्याचा एक गुन हाय,” आई म्हणाली. “माह्यापासून काई लपवत नाई.”

फट्ट!

“अव माय! सिलिंडर फुटलं!”

फट्ट! फट्ट! ट्रंकेत आवाज असा घुमत होता, जणू पलंगाखाली कोणी लग्नाची आतषबाजी लावली होती. एक बाई देवाचं नाव घेत उशीवर चढली. दुसरी माझ्या गळ्यात पडली. गंगाबाईंनी आईला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि स्वतःच थरथरायला लागल्या. ट्रंकेच्या फटीतून पांढरा फेस निघाला आणि फरशीवरून शांतपणे, अगदी ऐटीत, दाराकडे चालत आला.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र एकच गोष्ट होती. आईचा डोळा! मी फेसातून घसरत तिच्यापाशी गेलो. “आई! दचकलीस का? दुखतंय का? दिसतंय का?”

“मले काय होते?” आई ताठ बसून होती. “मी काई दचकत नसते. पन गोपाळ, हा वास कायचा हाय?”

तेवढ्यात वानखडे काठी घेऊन घुसले. “कोनी हालू नका!” आधीच कोणी हलत नव्हतं. त्यांनी नाक वर केलं, डोळे बारीक केले, आणि वाकून ट्रंक उघडली. “सर, ह्या बाटल्या मी वळखतो. पंचवीस वर्स ह्याच पकडल्या.”

चारही बायकांनी पदर नाकाला लावले.

“गोपाळ,” आई म्हणाली, “खरं सांग.”

मी सांगितलं. सगळं. बरणी, साखर, भंगारवाला, स्वेटरवाली बाई. “आई, आल्याची आहे. दारू नाही ही. शपथ!”

“दारू नाई?”

“नाही.”

“मंग लपवली काहून?”

वर्गात मी पोरांना नेमका हाच प्रश्न विचारतो, आणि तीही अशीच पायाच्या अंगठ्याकडे बघतात.

“तू रागावशील म्हणून,” मी शेवटी म्हणालो.

“आता काय खुश हाय मी?” आई गंगाबाईंकडे वळली. “घ्या साऱ्या बाटल्या. नालीत ओता.”

“ओतू नं,” गंगाबाई म्हणाल्या. “पन बाई, आपन गावात कोनावर उगाच आळ घेतला का कदी? चाखल्याबिगर कसं मनाव, दारू हाय का नाई?”

“तपासाचं काम माझं!” वानखडे फारच चपळाईने पुढे झाले.

“तुमी राहू द्या,” गंगाबाई म्हणाल्या. “तुमाले तं दारू असो का नसो, गोडच लागन!”

सात बाटल्या फुटल्या होत्या. उरलेल्या तेरा वानखड्यांनी डोक्याला हेल्मेट, हाताला चामडी मोजे आणि बाटल्यांवर ओलं गोणपाट अशा बंदोबस्तात अंगणात नेऊन बर्फाच्या टबात ठेवल्या. तासाभराने उघडण्याचा मान मला मिळाला. बूच उडालं, फेस उसळला आणि माझ्या चष्म्यापासून सदऱ्यापर्यंत सगळं न्हाऊन निघालं. तळाशी उरलं तेवढं गंगाबाईंनी पेल्यात घेतलं. आधी वास, मग एक घोट, मग डोळे मिटून अख्खा पेला.

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. वानखड्यांनी श्वास रोखला होता. गंगाबाईंनी छातीवर हात ठेवला, मान मागे टाकली आणि अशी ढेकर दिली की कंपाउंडवरचं मांजर पलीकडे पडलं.

“बाई वं!” त्या म्हणाल्या. “चार दिवसांपासून पोट फुगलं होतं माहं. मोकळी झाली मी! हे दारू नाई न काई नाई. हे तं आल्याची आंबील हाय!”

आंबील! वीस वर्षं किण्वन शिकवून मला हा शब्द सुचला नव्हता. ज्वारीचं पीठ रात्री आंबवून सकाळी पिणाऱ्या पाच बायकांना मी बुडबुड्यांचं शास्त्र समजावत बसलो होतो!

मंडळाने पेले मागवले. दुसरी बाटली, तिसरी बाटली. अंगणात ढेकरांची जुगलबंदी सुरू झाली. काळ्या चष्म्यातल्या आईने मात्र अजून पेला घेतला नव्हता. शेवटी तिने हात पुढे केला. मी पेला दिला. माझी स्वतःची बोर्डाची परीक्षा मला इतकी जड गेली नव्हती.

ती प्यायली. ओठ पुसले.

“गोपाळ.”

“हो, आई.”

“साखर जास्त झाली. आलं कमी झालं. अन् एवढ्या तपनात कोनी इतके दिवस आंबवते का? एका राती होते ते.” मग पेला पुढे केला. “दे अजून.”

मी जिंकलो होतो! संगीतासमोर, हवालदारासमोर, दारूबंदी मंडळाच्या पूर्ण बैठकीत, आईने माझी बियर दुसऱ्यांदा मागितली होती! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला आणि म्हणाले, “उत्तम. काय खाता-पिता?” आई म्हणाली, “पोट्टा बियर पाजते.” मी डॉक्टरांना पुढची दहा मिनिटं समजावत होतो.

मंडळ जाताना विरजणाची अर्धी बरणी घेऊन गेलं. आईचा डोळा बरा झाला, ती गावी गेली आणि तिने कारभार हातात घेतला. आता त्यांची ‘आल्याची आंबील’ गावातल्या लग्नांच्या पंगतीत असते आणि अकोल्यात बचतगटांच्या प्रदर्शनात दुपारपर्यंत संपते. वानखडे दर महिन्याला ‘तपासासाठी’ दोन बाटल्या मागवतात. एकही बाटली आजवर फुटलेली नाही.

मागच्या आठवड्यात आईने मला नव्या छापील लेबलाची बाटली पाठवली. संगीताने ते आधी वाचलं आणि हसत हसत भिंतीला टेकली. लेबलावर मंडळाचं नाव, खाली साहित्य, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात: ‘सूचना: गार जागी ठेवावी. गोपाळ सरांच्या हाती देऊ नये.’

छापील अक्षरांत माझं नाव आयुष्यात पहिल्यांदाच आलं. मी त्याच्या वीस प्रती स्टाफरूममध्ये वाटल्या!