मेस्त आणि वाऱ्यातलं पाणी

मेस्तांना कुठेही पाणी दिसलं की ते आलं कुठून, हे कळल्याशिवाय चैन पडत नसे. ते कारापूरचे, डिचोलीजवळच्या खाणीवर इंजिनं दुरुस्त करत. बोलत कोकणीत, हिशेब मांडत मराठीत, शेडच्या भिंतीवर खडूने. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, कोकणी की मराठी यावरून गावोगाव डोकी तापली होती. मेस्तांना मात्र आपल्या या दोन भाषांत विसंगती वाटत नसे.

त्या पावसाळ्यात खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या इंजिनाच्या धुराड्यातून पाणी ठिबकू लागलं. मी नवा इंजिनिअर, अंगात नको इतका ताठा. पंप चालवणाऱ्या वासूने थंडाव्याचं पाणी न सोडताच इंजिन चालवलं, सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड तडकलं आणि आता ते पाणी धुरात गळतंय, असं लिहून मोकळा झालो. दोडामार्गचा वासू हात जोडून म्हणाला, "सायबानू, पाणी सोडल्याबिगर मिया इंजिन कधीच चालू करूक नाय." माझी सही झाली की त्याची नोकरी जाणार होती. हेड उघडून बघावं, तर पंप थांबवताच खाण बुडाली असती.

मेस्तांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं; आधी पाण्याचा शोध, सही नंतर. "इंजिनेरबाब, उदक खंयच्यान येता तें सोदून काड, मागीर सय कर."

डिझेल जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, लिटरमागे जवळजवळ लिटरभर, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो आणि मेस्तांनी विचारेपर्यंत साफ विसरलो होतो. धुरातलं पाणी मोजायला मेस्तांनी मासळीबाजारातून बर्फ आणला, तांब्याच्या नळीचं वेटोळं पिंपात बुडवलं, सगळा धूर त्यातून नेला. अर्धा लिटर डिझेल जळलं. बाटलीत अर्ध्या लिटरपेक्षा बरंच जास्त पाणी जमलं. मी म्हटलं, "बघा, हे जादाचं हेडमधलंच!"

मेस्त हटले नाहीत. "इंजिन कितें फकत डिझेल पिता? वारोय ओडटा न्हय?"

त्यांनी दोन थर्मामीटर टांगले, एकाला ओलं फडकं गुंडाळलं. दोन्हींतल्या फरकावरून पावसाळी हवेतली वाफ काढली, इंजिनाने किती हवा ओढली ते मांडलं. डिझेलचं आणि हवेतलं मिळून जी बेरीज आली, तिच्यापेक्षा बाटलीतलं पाणी थोडं कमीच भरलं. हेडमधून थेंबही येत नव्हता. मी माझा कागद फाडला. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

पुढे काही वर्षांनी मेस्त वारले. कारापूरला पोचलो तर वासू आधीच आला होता, तिरडीच्या पुढच्या बाजूला खांदा द्यायला उभा. मी मागेच घुटमळत होतो. त्याने वळून पाहिलं आणि आपल्या शेजारी जागा केली.

"सायबानू," तो म्हणाला, "तुमीय धरा."